ओटीपी कुणाला सांगायचा?

२०२४ च्या धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला, केंद्र सरकारने सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातला उपचार मोफत. कार्ड काढायचं तर आधारची ओळख पटवावी लागते. मग शिबिरातला मुलगा म्हणतो, ‘आजी, मोबाइलवर नंबर आलाय ना, तो सांगा.’ त्याच सुमारास देशभर फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातला सरकारी इशारा ऐकू यायला लागला : फोनवरच्या अनोळखी माणसांपासून सावध राहा. बँका तर कितीतरी वर्षं बजावत आहेत की ओटीपी कुणालाही, अगदी आमच्या माणसालाही, सांगू नका. म्हणजे एकच सरकार, एकच फोन. एका तोंडाने ‘सांगू नका’, दुसऱ्या तोंडाने ‘लवकर सांगा, वेळ संपतेय’. यावर एखादी म्हातारी गप्प बसून राहिली, तर अहवालात तिची नोंद ‘तंत्रज्ञानाबद्दल अनास्था’ अशी होते. मला ती जागरूक ग्राहक वाटते.

ही म्हातारी मांजरसुंब्याची आहे असं समजू. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगररांगेतला घाट चढला की लागणारं हे गाव. धुळे-सोलापूर महामार्ग इथून जातो, केज-अंबाजोगाईचा रस्ता इथेच फुटतो, कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारे इथूनच वळतात. गाव रस्त्यावरचं, त्यामुळे गाड्यांची, हॉटेलांची वर्दळ. पण महामार्ग सोडून चार-पाच किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांकडे गेलं, की फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून उतरतात. दुखणं साधं असेल तर उपकेंद्र किंवा नेकनूर, मोठं असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय, त्याहून मोठं असेल तर सत्तरेक किलोमीटरवरचं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. कागदावर हा डिजिटल आरोग्यसेवेसाठी आदर्श मुलूख : अंतर मोठं, डॉक्टर थोडे, म्हातारी माणसं पुष्कळ.

पुष्कळ म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने तर फार. दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकातले कारखाने. गावात राहतात ती म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. घरातला चांगला फोन कारखान्यावर जातो, कारण मुकादमाशी, गाडीवानाशी, घराशी बोलायला तोच लागतो. मागे उरतो बटणांचा, काच तडकलेला फोन, ज्याचं रिचार्ज कधी असतं, कधी नसतं. आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा मुलाचा. त्यामुळे मांजरसुंब्याच्या ओसरीवर विचारलेला ओटीपी वाजतो तो साडेतीनशे किलोमीटरवरच्या उसाच्या फडात, आणि मुलाचे हात त्या वेळी मोळी बांधण्यात गुंतलेले असतात.

माणूस नवं तंत्रज्ञान का स्वीकारतो, याचं सर्वांत गाजलेलं उत्तर फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये मांडलं. त्याच्या मते दोनच गोष्टी पाहायच्या : ही वस्तू माझ्या उपयोगाची आहे असं माणसाला वाटतं का, आणि ती वापरणं सोपं आहे असं वाटतं का. २००३ मध्ये विश्वनाथ व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी (डेव्हिसही त्यांत होता) त्यात आणखी दोन गोष्टी घातल्या : आजूबाजूची माणसं काय म्हणतात, आणि वापरायला मदत, साधनं हाताशी आहेत का. जगभरात ज्येष्ठांच्या वृत्तीवर जे अभ्यास होतात, त्यांतल्या कितीतरींच्या प्रश्नावल्या याच चौकटीतून निघतात. चौकट चांगली आहे. पण तिचा जन्म कार्यालयात झाला, जिथे एका माणसासमोर एक संगणक असतो. फोन घराचा, नंबर मुलाचा, बोटं नातवाची आणि दुखणं आजीचं, अशी विभागणी तिच्यात बसत नाही. ‘तुम्हाला हे ॲप सोपं वाटतं का?’ हा प्रश्न नेमका कुणाला विचारायचा?

शिवाय ती चौकट आणखी एक गोष्ट विचारत नाही : या माणसाला डिजिटल यंत्र पहिल्यांदा कुठे भेटलं? शहरातल्या निवृत्त माणसाला ते नातवाचे फोटो बघताना भेटलं असेल. आपल्या आजींना ते रेशन दुकानात भेटलं. ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवायचा, अंगठा ‘आला’ तर गहू-तांदूळ, नाही आला तर उद्या या. मग श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांसाठी बँकेत, नाहीतर बँकेच्या प्रतिनिधीकडे, पुन्हा अंगठा. मग दरवर्षी हयातीचा दाखला, म्हणजे आपण अजून मेलो नाही याचा पुरावा. या प्रत्येक ठिकाणी यंत्राने त्यांना काही दिलं नाही. जे त्यांचंच होतं ते सोडण्याआधी ओळख मागितली. आरोग्याचं ॲप गावात आलं तेव्हा त्याच्याकडे बघायची नजर आधीच तयार झालेली होती. माझ्या मते, खेड्यातल्या ज्येष्ठांच्या वृत्तीचं निम्मं स्पष्टीकरण दवाखान्यात नाही, रेशन दुकानात आहे.

अंगठा न येण्यात गूढ काही नाही. बोटांवरच्या रेषा म्हणजे कातडीचे बारीक उंचवटे. वय वाढलं की कातडी कोरडी आणि सैल होते, उंचवटे सपाट होतात. त्यात आयुष्यभर कोयता, खुरपं, शेण-माती, चुन्याचं काम केलेले हात म्हटल्यावर रेषा अक्षरशः झिजून जातात. स्पर्शाच्या पडद्याचंही तसंच. काचेखाली सौम्य विद्युतक्षेत्र असतं आणि बोट त्यात जो फरक पाडतं तो फोन ओळखतो. बोटाची कातडी जाड आणि कोरडी असेल तर तो फरक क्षीण होतो. मग माणूस जोर लावून दाबतो आणि बोट तसंच दाबून धरतो. फोनच्या भाषेत दाबून धरण्याचा अर्थ निराळा, त्यामुळे भलतंच काहीतरी उघडतं. ‘माझ्या हाताला मोबाइल ऐकत नाही’ ही तक्रार म्हणजे अडाणीपणा नाही, ते अचूक निरीक्षण आहे.

जन्मतारखेची गंमत वेगळीच. या पिढीच्या जन्माची नोंद क्वचितच झालेली. वय सांगायचं ते ‘रझाकाराच्या टायमाला मी पाळण्यात होते’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला रांगत होता’ असं. या हिशेबात चूक निघाली तर वर्षभराची निघेल. आधार काढताना मात्र समोरच्याने अंदाजे एक साल टाकलं, दिवस-महिन्याच्या जागी आपोआप १ जानेवारी आला, आणि खरी सत्त्याहत्तर वर्षांची बाई कागदावर अडुसष्टची झाली. सत्तरीच्या वरचं कार्ड तिला मिळत नाही. तिच्या आठवणीतलं १९४८ साल कोणत्याही पोर्टलला चालत नाही.

इतकं सगळं असून याच माणसांनी काही यंत्रं सहज घरात घेतली, याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. ‘बीपी’ आणि ‘शुगर’ हे आता मराठवाडी बोलीतले शब्द आहेत. ‘मला शुगर हाय’ हे वाक्य पारावर कुणाला अडखळवत नाही. देशपातळीवरचं ‘लासी’ हे वृद्धांचं मोठं सर्वेक्षण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलं, पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांना भेटून. त्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी आपल्याला रक्तदाबाचं निदान झाल्याचं सांगितलं. आणि ते मोजणारं यंत्र आता पाऱ्याचं राहिलेलं नाही. पारा विषारी म्हणून तो वैद्यकीय उपकरणांतून हटवण्याचा जागतिक करार झाला, आणि उपकेंद्रात पट्टा आपोआप फुगवणारं डिजिटल यंत्र आलं. सुरुवातीला त्याच्यावर विश्वास बसत नव्हता, कारण डॉक्टर कानाला नळी लावून ऐकत नाही, मग त्याला कळतं कसं? खरं तर यंत्रही एक प्रकारे ‘चाहूल’च घेतं. पट्टा सैल होत जाताना धमनीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या हवेत जी बारीक थरथर होते, तिच्या चढउतारावरून ते आकडा काढतं. बोलू नका, हात छातीच्या पातळीला ठेवा, आधी पाच मिनिटं बसा, हे तीन नियम पाळले तर ते उत्तम चालतं. यातलं पाच मिनिटं बसणं रांगेच्या घाईत कुणी पाळत नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसरं उदाहरण कोविडचं. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघर ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन फिरले. बोटाला चिमटा लावायचा, लाल दिवा लागायचा, आकडा यायचा. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात आणि रक्त कोणता किती शोषतं यावरून प्राणवायूचं प्रमाण कळतं, हे कुणी समजावलं नाही आणि समजावायची गरजही पडली नाही. पंचाण्णवच्या वर ठीक, नव्वदीच्या खाली गाडी बोलवा, एवढं सहा महिन्यांत गावोगावच्या म्हाताऱ्यांना पाठ झालं. आकडा दिसण्याआधी अंगठा मागितला नाही, ओटीपी मागितला नाही. आकडा लगेच समोर आला, आणि चिमटा लावणारा हात गावातल्याच आशाताईचा होता.

लसीकरणाच्या वेळी याची उलटी बाजू दिसली. १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांची लस सुरू झाली तेव्हा कोविन पोर्टल होतं, पण थेट केंद्रावर जाऊन नाव नोंदवायची सोयही होती, आणि म्हातारी माणसं आधार कार्ड पदराला बांधून तशीच गेली. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली, आणि शहरातली चपळ बोटं खेड्यातल्या केंद्रांवरच्या वेळा पटकावू लागली. महिन्याअखेर, ३१ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर सरकारला थेट प्रश्न विचारले. म्हणजे त्या घडीला ज्येष्ठांना वाचवलं ते उघड्या ठेवलेल्या दारानं. चीनमध्येही हाच धडा मिळाला : फोनवरचा आरोग्य-संकेत दाखवल्याशिवाय कुठे जाता येईना तेव्हा म्हाताऱ्यांचे हाल झाले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला आदेश काढावा लागला की ज्येष्ठांसाठी जुन्या, साध्या पद्धती चालूच ठेवा.

आता डॉक्टर पडद्यावर येतो त्याबद्दल. ई-संजीवनी ही केंद्र सरकारची टेलिमेडिसिन सेवा मोहालीच्या सी-डॅकने बांधली. उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवते, तपासते, आणि दूरच्या डॉक्टरशी जोडून देते. हे २०१९ च्या नोव्हेंबरपासून. रुग्णाने घरबसल्या स्वतःच जोडून घ्यायची सोय एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, आली. दोन्ही मिळून सल्ल्यांचा आकडा तीस कोटींच्या पुढे गेला आहे, आणि त्यातले बहुतांश पहिल्या प्रकारचे, मध्ये माणूस असलेले आहेत. (सरकारी आकडे उद्दिष्टांच्या रेट्यानेही फुगतात, हे खेड्यात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. पण दोन प्रकारांतली तफावत एवढी मोठी आहे की फुगवटा वजा करूनही ती उरते.) मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनीही आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत होणारा सल्ला हा स्वतंत्र प्रकार म्हणून मान्य केला आहे. रक्तदाबाच्या चालू गोळ्या पुढे सुरू ठेवायच्या, नवीन एखादी जोडायची, यासाठी ही सोय खरोखर उत्तम. बीडची एक खेप वाचते, म्हणजे बसभाडं, एक दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचीही मजुरी वाचते.

तरी ज्येष्ठांची कुरकुर असते, आणि ती ऐकण्यासारखी आहे. पहिली, ‘डॉक्टरनं हात बी लावला नाही.’ पोट दाबून पाहणं, पापणी ओढून पाहणं, पायावर बोट दाबून सूज जोखणं ही तपासणी पडद्यावरून होत नाही. हे सगळं समोरच्या अधिकारी ताईने केलं आणि मोठ्याने डॉक्टरला सांगितलं, तर ही कुरकुर निम्मी होते. दुसरी, ‘ऐकू येत नाही.’ वयानुसार कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात. भाषेतली स, श, फ, ख अशी व्यंजनं त्या उंच पट्ट्यात राहतात, स्वर मात्र खालच्या पट्ट्यात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. त्यात जुन्या पद्धतीच्या फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा जातो, आणि टॅबलेटचा चिमुकला स्पीकर आणखी खरवडतो. समोरासमोर बसलेला माणूस ओठ बघून तूट भरून काढतो. अडखळणाऱ्या व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

मग उपाय म्हणून फोन स्पीकरवर टाकतात, आणि इथे तिसरी, न बोलली जाणारी अडचण सुरू होते. ओसरीवर सगळ्यांना ऐकू जातं. लघवी आवरत नाही, अंग बाहेर येतं, पांढरं जातं, हे बाईने कुणासमोर सांगायचं? फोन चालवणारा चौदा वर्षांचा नातू शेजारी बसलेला. ती म्हणते, ‘गुडघे दुखतात बाबा, दुसरं काय नाही.’ डॉक्टर गुडघ्याची गोळी लिहितो. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्यात कंपन्यांनी माहिती कशी जपायची ते लिहिलं आहे. नातवापासून ती कशी जपायची, हा प्रश्न कायद्याच्या आवाक्याबाहेरचा. उपकेंद्रात दार लावता येणारी एक खोली आणि एक बाई, एवढ्यावर तो सुटतो.

बीडच्या बायकांच्या बाबतीत पडद्यावरच्या अविश्वासाला आणखी जुनं कारण आहे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये चौकशी केली, तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या ब्याऐंशी हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी’ काढलेली निघाली. कितीतरी जणींना तेव्हा सांगितलं गेलं होतं की पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. आधी सोनोग्राफीचा पडदा दाखवायचा, मग भीती घालायची. त्यांतल्या काही जणी आता पन्नाशी-साठीच्या उंबरठ्यावर आहेत. यंत्रातलं चित्र म्हणजे पुरावा, ही समजूत त्यांनी फार मोठी किंमत देऊन सोडली आहे. तंत्रज्ञानाबद्दलची त्यांची वृत्ती पाच गुणांच्या तक्त्यावर मोजायला जाणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं.

शिक्षण नाही म्हणून यांना जमत नाही, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही, आणि त्याचं खंडन बीडच्या शिवेलगतच आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, पोरांची वाढ, कुष्ठरोग-क्षयाची लक्षणं हे सगळं त्या शिकल्या आणि गावाने ते त्यांच्याकडून स्वीकारलं. १९७९ मध्ये आरोळेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकवण्याची पद्धत सावकाश होती. ठरावीक दिवशी सगळ्यांनी एकत्र जमायचं, राहायचं, एकमेकींना सांगायचं, चुकलं तर पुन्हा. आजची आरोग्याची ॲपं मात्र एका दिवसाच्या प्रशिक्षणावर येतात आणि पुढच्या अद्ययावत आवृत्तीत त्यांची बटणं जागा बदलतात.

मधल्या माणसाचं महत्त्व पटलं की सगळा बोजा त्याच्यावर टाकायचा, ही आपली जुनी खोड. आशाताईला आता तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी तक्ता भरायचा असतो, आभा हा चौदा आकडी आरोग्य-ओळख क्रमांक काढायचा असतो, आयुष्मान कार्डांचं उद्दिष्ट असतं, आणि हे सगळं बऱ्याचदा स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही त्यांची एक मागणी होती. ज्येष्ठांच्या वृत्तीवर संशोधन करणाऱ्यांनी आशांच्या वृत्तीवरही करावं, कारण म्हातारी माणसं यंत्राचा चेहरा बघत नाहीत, ते आणणाऱ्या बाईचा बघतात. ती कंटाळलेली असेल तर यंत्रही त्यांना कंटाळवाणंच वाटणार. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या आपल्या पहिल्या डिजिटल आरोग्य मार्गदर्शिकेत बजावलं होतं की चालत्या आरोग्ययंत्रणेला हे पर्याय नाहीत.

एक नमुना मात्र मला मनापासून आवडतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातल्या पंचवीस जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग पहिल्या यादीत होते. त्यात ‘सिंपल’ नावाचं ॲप आहे, पण ते नर्सच्या फोनवर. रुग्णाच्या हातात फक्त एक कागदाचं कार्ड, त्यावर चौकोनी ठिपक्यांचा कोड. आजींनी कार्ड पुढे करायचं, ताईने ते फोनपुढे धरायचं, आजचा आकडा टाकायचा, महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. काही सेकंदांचं काम. नंबर मुलाचा असला तरी अडत नाही, ओटीपी लागत नाही, अंगठाही लागत नाही. कोण महिनाभर आलं नाही याची यादी ॲप ताईला देतं, मग ती फोन करते किंवा निरोप धाडते. पत्र्याच्या डब्यात रेशन कार्ड आणि बँकेच्या पासबुकाशेजारी ते कार्ड ठेवायला या पिढीला कुणी शिकवावं लागत नाही. कागद जपणं त्यांना नीट येतं.

आणि त्या उपक्रमात ॲपच्या जोडीने दुसरी गोष्ट तेवढ्याच हट्टाने धरलेली होती : अ‍ॅम्लोडिपिनची गोळी उपकेंद्रापर्यंत, तीस दिवसांची, न चुकता. मराठवाड्यात कुठेही हे कार्ड न्यायचं तर आधी तो साठा बघावा लागेल. एका महिन्यात ‘गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या’ ऐकून आजी उन्हातून परत गेल्या, की पुढच्या वेळी ताईच्या फोनमधल्या यादीत त्यांचं नाव ‘न आलेले’ म्हणून लाल रंगात दिसेल. गोळी कोण आणायला विसरलं, याचा रकाना त्या यादीत नाही.